पोटदुखी जागा बदलते तेव्हा

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. उंद्री हे चिखली तालुक्यातले, चिखली–खामगाव रस्त्यावरचे गाव. या दिवसांत निम्मे गाव शेतात असते आणि वर्गातली हजेरीही उतरते. तिसऱ्या तासाला नववीतला एक मुलगा बाकावर डोके टेकून बसला. काय होते म्हणून विचारले, तर म्हणाला, "सर, पोट दुखू रायलं." कुठे दुखते ते दाखव म्हटल्यावर त्याने बेंबीभोवती हात फिरवला. नेमकी जागा काही त्याला दाखवता येईना. सकाळी तो न जेवता आला होता आणि मधल्या सुट्टीतही त्याला काही खावेसे वाटले नाही. उपाशीपोटी पित्त झाले असेल असे ठरवून आम्ही त्याला घरी पाठवले.

घरी आजी एकटीच होती. "वायगोळा उठला असन पोराले," असे म्हणून तिने ओवा दिला, पोट शेकले आणि रात्री एरंडेल पाजले. मुलाला दोनदा उलटी झाली. पहाटे दुखणे बेंबीपासून खाली उजव्या बाजूला सरकले, अंगात कणकण आली आणि त्याला ताठ उभे राहता येईना. सकाळी वडील त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून घेऊन निघाले तेव्हा रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो कळवळत होता. दुपारी त्याचे ऑपरेशन झाले. अपेंडिक्स सडून फुटले होते. त्या घरात याआधी कोणावरही ऑपरेशनची वेळ आली नव्हती.

मुलगा बरा झाला. पण त्याला भेटून परतताना आम्हाला एक गोष्ट सलत राहिली. पचनसंस्थेची आकृती आम्ही दरवर्षी फळ्यावर काढतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला शेपटीसारखे काहीतरी काढून त्याला 'आंत्रपुच्छ' असे नाव देतो. तेच आंत्रपुच्छ आमच्यासमोर बाकावर दुखत होते आणि आम्हाला ते ओळखता आले नाही. त्या दिवशी वाया गेलेल्या वेळात आमचाही वाटा होता. म्हणून हा लेख.

लहान नळी, अरुंद तोंड

लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे मोठ्या आतड्याचा थोडा भाग पिशवीसारखा खाली लोंबतो. या पिशवीला एक बारीक नळी जोडलेली असते. तेच अपेंडिक्स. साधारण ६ ते १० सेंटिमीटर लांब आणि करंगळीपेक्षाही बारीक. नळीचे एक टोक आतड्यात उघडते, दुसरे बंद असते. म्हणजे आत जायची आणि बाहेर पडायची वाट एकच, आणि तीही अरुंद.

ही वाट बंद झाली की बिघाड सुरू होतो. कधी विष्ठेचा खडा अडकतो, तर कधी नळीच्या भिंतीतल्या लसिका ऊती सुजून मार्ग बुजतो. या ऊती मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये जास्त असतात, आणि हा आजारही १० ते ३० या वयात सर्वाधिक आढळतो. मार्ग बंद झाला तरी नळीचे अस्तर आपला चिकट स्राव सोडतच राहते. स्राव साठतो आणि आतला दाब वाढतो.

दाब वाढल्यावर काय होते ते बोटावर पाहता येते. बोटाला रबरबँडचा एकच वेढा घट्ट बसवा आणि अर्धा मिनिट थांबा. बोट फुगते, जांभळट होते. शिरांच्या भिंती पातळ आणि त्यांतला दाब कमी, म्हणून त्या आधी दबतात. धमन्या मात्र रक्त ढकलतच असतात. रक्त आत येते, पण परत जाऊ शकत नाही. (रबरबँड लगेच काढा.) अपेंडिक्समध्येही असेच होते. ते सुजते, मग दाब आणखी वाढून आत येणारे रक्तही थांबते. रक्त नाही म्हणजे ऑक्सिजन नाही. भिंत मरू लागते, आतड्यातले जीवाणू तिच्यात शिरतात आणि शेवटी तिला भोक पडते.

दुखणे का सरकते?

बिघाड पोटाच्या उजव्या कोपऱ्यात आणि दुखते मात्र बेंबीभोवती, असे का?

आतड्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना फार ढोबळ असतात. आतडे कापले किंवा भाजले तरी ते फारसे कळत नाही. ताणले गेले की मात्र कळते. तेही नेमके कुठे, हे कळत नाही. अपेंडिक्सकडून येणाऱ्या वेदनेचे चेतातंतू पाठीच्या कण्यात ज्या ठिकाणी शिरतात, त्याच ठिकाणी बेंबीजवळच्या त्वचेचे तंतूही येतात. एकाच टपालपेटीत दोन घरांची पत्रे पडावीत तसे. मेंदूला आयुष्यभर त्वचेकडून निरोप यायची सवय असते, म्हणून तो वेदनाही बेंबीपाशी मांडतो.

काही तासांनी सूज अपेंडिक्सच्या बाहेर येते आणि पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेल्या पातळ पडद्याला लागते. या पडद्याचे चेतातंतू त्वचेच्या तंतूंसारखेच नेमके निरोप देतात. आता रुग्ण बोट ठेवून जागा दाखवू शकतो. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली या जागेचे वर्णन केले. उजव्या बाजूच्या कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक-तृतीयांश अंतरावर हा बिंदू येतो.

हा पडदा सुजला की तो जरा हलला तरी दुखते. म्हणून रुग्ण पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो. खोकला आला, एका पायावर उडी मारली, गाडीला दणका बसला की कळ येते. इंग्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अपेंडिक्सचा संशय असलेल्या १०१ रुग्णांना विचारले होते की, येताना गतिरोधकावर दुखणे वाढले का? त्यांपैकी गतिरोधकांवरून आलेल्यांमध्ये ३४ जणांना अपेंडिक्सचाच आजार निघाला आणि त्यांतल्या ३३ जणांनी 'हो' म्हटले होते. अर्थात इतर आजारांतही दणक्याने दुखू शकते, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही. पण खड्ड्याखड्ड्याला कळवळणारा मुलगा त्याच्या परीने आजाराची नेमकी खूण सांगत होता.

घड्याळ चालू असते

हा आजार आणि त्याचे नाव वैद्यकाला फार उशिरा कळले. पूर्वी याला उजव्या बाजूची पोटातली सूज म्हणत आणि वाट पाहत बसत. १८८६ साली बोस्टनचे डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी या मृत्यूंच्या मुळाशी अपेंडिक्सच असते हे दाखवले, आजाराला 'अपेंडिसायटिस' हे नाव दिले आणि लवकर ऑपरेशन करावे असा आग्रह धरला.

प्रत्येक रुग्णाची गती वेगळी असते, पण दुखणे सुरू झाल्यापासून २४ ते ३६ तास उलटल्यावर अपेंडिक्स फुटण्याचा धोका वाढत जातो. फुटण्याआधी ऑपरेशन झाले तर रुग्ण बहुधा एक ते तीन दिवसांत घरी जातो. फुटल्यावर घाण पोटात पसरते, पू होतो, संसर्ग रक्तात जाऊ शकतो. मग मुक्काम आणि धोका दोन्ही वाढतात.

यातला सर्वांत फसवा क्षण म्हणजे अपेंडिक्स फुटल्यानंतरचा. ताण एकदम सुटल्यामुळे काही रुग्णांना थोडा वेळ बरे वाटते. घरचे म्हणतात, उतार पडला. काही तासांनी पोट लाकडासारखे कडक होते, नाडी धावू लागते आणि ताप चढतो. दुखणे थांबले म्हणजे आजार गेला असे नव्हे, हे आपण मुलांना आणि त्यांच्या पालकांना सांगितले पाहिजे.

आजीच्या उपायांमागे माया होती, पण एरंडेलाने आतड्यांची हालचाल जोराने वाढते. सुजलेल्या, कुजत आलेल्या नळीला हा ताण सोसत नाही. म्हणून कारण न कळलेल्या पोटदुखीत जुलाब देऊ नये, पोट शेकू नये की चोळू नये. दुखणे थांबवणाऱ्या गोळीचे काय? वेदनाशामकामुळे निदान चुकते असे पूर्वी मानत. तपासणीनंतर रुग्णालयात दिलेल्या औषधाने निदानात अडथळा येत नाही, असे आता दिसून आले आहे. धोका आहे तो घरी गोळी घेऊन "सकाळपर्यंत पाहू" म्हणण्यात.

रुग्णालयाच्या दारात

पहिल्यांदाच रुग्णालयात दाखल होणाऱ्या घराला तिथल्या बऱ्याच गोष्टी जाचक वाटतात. प्रत्येकीला कारण आहे. ते कळले तर निम्मी भीती जाते.

पहिली तक्रार असते, "पोरगा कालपासून उपाशी आहे आणि पाणीसुद्धा देऊ देत नाहीत." भूल दिल्यावर गिळण्याची आणि ठसक्याची प्रतिक्रिया मंदावते. पोटातले अन्न किंवा आम्ल वर येऊन श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. आधी ठरवलेल्या ऑपरेशनपूर्वी साधारणपणे सहा तास जेवण आणि दोन तास पाणी बंद ठेवतात. तातडीच्या वेळी तर पोट रिकामे व्हायची गतीच मंदावलेली असते. म्हणून पोटदुखीच्या रुग्णाला "दोन घास खाऊन निघू" असा आग्रह करू नये. शरीराला लागणारे पाणी आणि क्षार सलाइनमधून मिळतात.

मग तपासण्या होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एका घनमिलिमीटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० असतात; संसर्गात त्या वाढतात. लघवीची तपासणी होते, कारण मुतखडा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांतही असेच दुखू शकते. मुलींमध्ये अंडाशयाचे आजार वगळावे लागतात. सोनोग्राफी पुष्कळदा सुजलेले अपेंडिक्स दाखवते. पण अपेंडिक्स आतड्याआड लपलेले असेल तर ते दिसतही नाही. म्हणून डॉक्टर दर दोन-तीन तासांनी पुन्हा पोट तपासतात. तो चालढकलीचा प्रकार नव्हे.

त्यानंतर येतो संमतीचा कागद. त्यावर धोक्यांची यादी असते आणि वडिलांचा हात थबकतो. सही म्हणजे डॉक्टरांनी हात झटकणे, असा समज आहे. खरे तर काय करणार, का करणार आणि न केल्यास काय होईल हे विचारण्याचा हक्क त्या सहीबरोबरच येतो. पालकांचा पत्ताच लागत नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर संमतीवाचून जीव वाचवणारे उपचार करण्याची तरतूद कायद्यात आहे.

ससून, १२ जानेवारी १९२४

अशा एका संमतीपत्राची आणि ऑपरेशनची हकिकत महाराष्ट्रातच घडली. गांधीजी १९२२ पासून येरवडा तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या पोटात दुखू लागले, ताप आला आणि १२ जानेवारीला त्यांना घाईने पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवण्यात आले. निदान होते अपेंडिक्सचे. १९०९ साली 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर कडक टीका करणारा माणूस आता ऑपरेशनच्या टेबलासमोर होता.

सरकारपुढे पेच होता. कैद्याचे काही बरेवाईट झाले तर देशभर क्षोभ उसळला असता. ओळखीचे डॉक्टर बाहेरगावाहून येईपर्यंत थांबणे धोक्याचे होते. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेण्यात आले. कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला विश्वास आहे आणि ऑपरेशनला आपली संमती आहे, अशा आशयाच्या निवेदनावर गांधीजींनी पेन्सिलीने सही केली. सही करताना त्यांचा हात थरथरत होता.

त्या रात्री ऑपरेशन चालू असताना वीज गेली. बॅटरीचा दिवाही विझला. उरलेले काम मॅडॉक यांनी कंदिलाच्या उजेडात पूर्ण केले. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली. म्हणजे संसर्ग आटोक्यात ठेवणारी प्रतिजैविके तेव्हा नव्हतीच. पुढे जखमेच्या जागी गळू झाले आणि बरे व्हायला अपेक्षेपेक्षा वेळ लागला. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने त्यांची सुटका केली. ससूनमधली ती खोली आज स्मारक म्हणून जपलेली आहे.

या हकिकतीत दिव्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. सोयी अपुऱ्या होत्या, पण निर्णय त्याच दिवशी झाला.

भूल, टाके आणि एक हसण्याजोगा प्रश्न

आज अशा ऑपरेशनला पूर्ण भूल देतात किंवा पाठीत इंजेक्शन देऊन पोटापासून खालचा भाग बधिर करतात. पाठीतल्या सुईने मज्जारज्जूला इजा होईल ही भीती सर्वत्र ऐकू येते. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खालच्या मणक्यांमधून घालतात. ऑपरेशन एका छोट्या छेदातून होते किंवा दुर्बिणीने तीन लहान भोकांतून. अपेंडिक्सचे मूळ बांधून ते कापून काढतात. फुटलेले असेल तर पोटातला पू साफ करतात आणि गरज पडल्यास पू वाहून जाण्यासाठी नळी ठेवतात. आमच्या विद्यार्थ्याला ती नळी लागली, आणि मुक्काम आठ दिवसांचा झाला.

या मुक्कामात सिस्टर रोज त्याला विचारत, "गॅस सरला का?" भेटायला आलेल्या मित्रांना हसू आवरेना. पण प्रश्न शास्त्रीय आहे. पोटाच्या ऑपरेशननंतर आतड्यांची लाटेसारखी हालचाल काही काळ थंडावते. वारा सरला म्हणजे हालचाल पुन्हा सुरू झाली, आता पाणी आणि मग पातळ अन्न देता येईल. दुसऱ्याच दिवशी उठवून चालायला लावतात, तेही निर्दयपणे नव्हे. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि उथळ श्वासामुळे फुप्फुसांत कफ साठतो.

ऑपरेशनशिवाय भागत नाही का? काही निवडक रुग्णांत भागते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत फक्त प्रतिजैविके दिलेल्या दहांपैकी सुमारे तीन जणांना ९० दिवसांच्या आत ऑपरेशन करावेच लागले. हा पर्याय डॉक्टरांच्या देखरेखीखालचा आहे, घरी गोळ्या खाण्याचा नव्हे.

आणि अपेंडिक्स काढल्याने काही बिघडते का? ते अगदीच निरुपयोगी नाही. त्यात रोगप्रतिकारक ऊती असतात. आतड्यातल्या उपयुक्त जीवाणूंचा तो राखीव साठा असावा, असे गृहीतक २००७ मध्ये मांडले गेले. तरीही ते नसलेली माणसे निरोगी आयुष्य जगतात.

वर्गात करून पाहा

१. एक मुलगा डोळे मिटून बसेल. दुसऱ्याने दोन बोथट पेन्सिलींची टोके त्याच्या बोटाच्या टोकावर, मग पाठीवर एकाच वेळी हलकेच टेकवावीत आणि टोके एक की दोन ते विचारावे. बोटावर दोन-तीन मिलिमीटरचे अंतरही ओळखता येते. पाठीवर तीन-चार सेंटिमीटर अंतर असूनही एकच टोक वाटते. सगळ्या जागांचे निरोप सारखे नेमके नसतात, हे यातून कळते. आतडी तर पाठीहूनही ढोबळ.

२. प्रत्येकाने स्वतःच्या अंगावर, कपड्यांवरूनच, उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत दोरा धरावा. दोऱ्याची तीन समान घडी घालून हाडापासून पहिल्या घडीचा बिंदू शोधावा. जोराने दाबू नये.

शाळेने काय करावे

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. वेळ वाया न घालवणे हे आहे. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेले दुखणे, अन्नावरची वासना जाणे, उलटी, ताप, चालताना वाकणे यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मुलाला एकट्याने घरी पाठवू नये. पालकांना शेतातून बोलावून घ्यावे, खायला-प्यायला देऊ नये आणि दुखणे कधी सुरू झाले ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी. डॉक्टरांच्या दृष्टीने ती चिठ्ठी मोलाची असते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात असे ऑपरेशन होत नाही. म्हणून पुढे चिखली, खामगाव की बुलडाणा हे ठरवण्याआधी, तिथे आत्ता शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ हजर आहेत का, हे फोनवरून विचारून घ्यावे. चुकीच्या दारात गेलेले दोन तास परत मिळत नाहीत.

दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला. पोरांनी त्याच्या टाक्यांची खूण पाहण्यासाठी गर्दी केली. पचनसंस्थेचा धडा आम्ही पुन्हा घेतला आणि मॅकबर्नीचा बिंदू फळ्यावर त्यानेच काढला. आता कोणी पोट दुखते म्हणाले की आमच्या वर्गातली मुलेच आधी दोन प्रश्न विचारतात: दुखायला कुठे लागले होते? आणि आता कुठे दुखते?